दोन हाकांमधलं अंतर

धुळाची मुलाखत कापून झाली त्या दिवशी धुळा जिवंत होता, आणि प्रियदर्शनीची त्याच्याबद्दल एकच तक्रार होती: तो फार थांबतो.

प्रश्न विचारला की तो लगेच बोलायचा नाही. आधी मेंढरांकडं बघायचा, मग काठीचं टोक मातीत फिरवायचा, मग उत्तर द्यायचा. समोर असताना ते खटकलं नव्हतं. कानाला इअरफोन लावून ऐकताना मात्र त्या जागी नुसता वारा ऐकू येत होता.

प्रियदर्शनी सोलापुरातल्या एका दैनिकाच्या डिजिटल विभागात होती. हातानं काम करणाऱ्या माणसांच्या मुलाखतींचा पॉडकास्ट दर शुक्रवारी निघायचा. मुलाखत तीच घ्यायची, तीच कापायची, तीच चढवायची. सात रस्त्याजवळच्या कचेरीत जुन्या अंकांची खोली रिकामी करून भिंतींना चादरी टांगल्या होत्या; तो स्टुडिओ. पण मेंढरं सोडून स्टुडिओत येणं धुळाला जमणारं नव्हतं. म्हणून वेळापूरच्या पुढच्या माळावर, कळपामागं चालत चालत तिनं त्याला बोलतं केलं होतं.

विभागाचा प्रमुख गुरु. मैंदर्गीचा माणूस, घरात कानडी, कचेरीत मराठी, चिडला की दोन्ही. त्यानं खुर्ची ओढली, एक इअरफोन कानात घातला आणि दचकून काढला.

"हा मधेच ओरडतोय काय?"

"मेंढरांना हाक मारतायत, सर."

"मला मेंढरू समजला की काय? कान गेला माझा." त्यानं कान चोळला. "काढ ते. लोक बसमध्ये ऐकतात. आणि हे मधले खड्डे बुजव. कान रिकामा राहिला की बोट पुढं सरकतं."

"ते विचार करून बोलतात."

"करू दे की. घरी करू दे. आपल्या भागात नको."

खड्डे बुजवायचं काम नवीन नव्हतं. एका सेकंदाहून मोठी शांतता सॉफ्टवेअर स्वतःच शोधून देतं; एक बटण दाबलं की वाक्याला वाक्य चिकटतं. हाका तिनं हातानं काढल्या. जीभ टाळ्याला लावून काढलेला लांब 'ट्रर्रर्र' आणि शेवटी उंच चढणारा 'याऽऽ'. पडद्यावर त्या आवाजाची रेघ दरवेळी लाल पट्ट्यात घुसत होती. एके ठिकाणी धुळा हाक कशी मारायची ते समजावत होता. त्यात बोलण्यापेक्षा थांबणंच जास्त होतं, सांधे नीट बसेनात. तो तुकडा तिनं अख्खाच उचलून बाजूला टाकला. राहिलेला भाग चांगला झाला होता. दिवाळीचे विशेष भाग मधे होते, म्हणून तो नंतरच्या एका शुक्रवारवर ढकलला गेला.

दिवाळीनंतर सोनालीचा फोन आला.

सोनाली धुळाची मुलगी. चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला होती, तिथंच जवळ खोली घेऊन राहायची. कंपनीच्या बसमध्ये हा पॉडकास्ट ऐकून तिनंच कळवलं होतं, माझ्या आबांना विचारा की, ते लई सांगतील.

"ताई, आबा गेले."

माळावरच गेला होता. छातीत कळ आली, बाभळीखाली बसला आणि आडवा झाला. मेंढरं सभोवती उभी होती, चरत नव्हती, म्हणून लांबून कुणाला तरी शंका आली.

प्रियदर्शनी बोलायचं ते बोलली. भाग थांबवू का, असं तिनं विचारलं. सोनाली म्हणाली, नको, लावा. पण सांगीन तेव्हा.

दहावा झाल्यावर तिचा पुन्हा फोन आला, आणि तो पॉडकास्टबद्दल नव्हता.

"ताई, तुमच्याकडं आबांची हाक हाय का?"

"हाक?"

"मेंढरांना मारत्यात ती. तुमी रेकॉर्ड केलं तवा मारली आसंल की."

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या घरी कामाची वाटणी ठरलेली होती. आबा कळप घेऊन हिंडायचे. आई, मायाक्का, तळावर राहायची. कोकरं आईनं वाढवायची, मोठी झाली की आबांच्या मागं लावायची. त्यामुळं आईच्या हाकेला फक्त कोकरं येतात. मोठी मेंढरं मान वर करतात, तिच्याकडं बघतात आणि मान परत खाली घालतात. संध्याकाळी जाळीच्या कुंपणात घालताना रोज निम्मी बाहेर राहतात. भारतकाका, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, दोनचार दिवस मदतीला आला. पण त्याचा स्वतःचा कळप आहे, तो किती दिवस दोन्हीकडं पळणार?

"काका म्हणत्यात इकून टाका. येत्या अमावस्येला गिऱ्हाईक येणार हाय. मी बी म्हनते इका, खोटं कशाला बोलू. माज्या खोलीवर ये म्हनते. तर आई म्हनती, तुज्या खोलीत मी काय भिताडं चारू?" सोनाली हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "तिचं म्हननं आसं हाय, पयल्यांदा आबांची हाक लावायची, मागनं आपली मारायची. चार दिवस, आठ दिवस. हळूहळू मेंढरं तिच्या आवाजावर येतील. अमावस्येपत्तूर जमलं तर काका काय बोलनार न्हाईत. जमलं न्हाई तर इकायचं. आसं ठरलंय दोघांचं."

"आज पाठवते," प्रियदर्शनी म्हणाली.

दुपारच्या बातम्या चढवून झाल्यावर तिनं ते काम हातात घेतलं. टाकलेल्या तुकड्यांतून हाका गोळा केल्या. ज्या हाकेवर तिचा स्वतःचा आवाज आला होता ती बाद केली, बाकीच्यांतून सगळ्यांत स्वच्छ निवडल्या. वाऱ्याचा घुर्र आवाज कमी केला. पातळी सारखी केली. मधल्या शांतता काढून एकीला एक जोडली. छोट्या स्पीकरवर लांब जावी म्हणून आवाज थोडा चढवला. दोनदा ऐकून पाहिलं; धुळा समोर उभा असल्यासारखा ऐकू येत होता. सोनालीला पाठवलं. उलट हात जोडल्याची चित्रं आली. त्या दिवशी प्रियदर्शनी कचेरीतून निघाली तेव्हा तिला बरं वाटत होतं.

एक दिवस मधे गेला आणि सोनालीनं फोन केला. या वेळी ती बोलता बोलता अडखळत होती, आणि 'ताई' म्हणाली नाही.

"तुमी काय पाठवलं होतं?"

"का? आवाज येत नाहीये का?"

"येतोय. लई येतोय. आईनं संध्याकाळी लावलं. पयल्या हाकंला सगळी वळली. काळी मेंढी म्होरकी हाय, ती तर पळत आली. आई रडाय लागली. आन् मंग हाक थांबलीच न्हाय. लागोपाठ, लागोपाठ. कळप जाग्यावर फिरला आन् फुटला. खाली उताराला पळाली सगळी. आईला मोबाईल बंद करता येईना."

उताराखाली ज्वारी काढलेलं रान होतं. बुडख्यांना कोवळे फुटवे आले होते. पाण्यावाचून तगलेल्या ज्वारीचा कोवळा फुटवा जनावराला विष असतो. माळावरच्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. भारत येऊन, ओरडून, दगड मारून कळप बाहेर निघेपर्यंत निम्म्यांनी तोंड घातलं होतं. काही तिथंच पडली. तोंडाला फेस, पाय ताणलेले. डॉक्टर आले तेव्हा इंजेक्शन द्यायला जी उरली होती त्यांना दिलं.

"किती गेली?"

"सा." सोनाली म्हणाली. "काळी वाचली."

प्रियदर्शनीनं मूळ फाइल उघडली. कापलेली नव्हे, माळावरची, जशीच्या तशी. तो बाजूला टाकलेला तुकडा शोधायला वेळ लागला नाही. कुठं आहे ते तिला पाठ होतं.

धुळा म्हणत होता, "एक हाक मारायची. मंग गप ऱ्हायचं."

वारा. घंटेचा बारीक आवाज. मग तिचा स्वतःचा: "का?"

पुन्हा वारा. तिला आठवलं, तेव्हा तो काठी मातीत फिरवत होता.

"त्येला इचार करू दे की. म्होरं हिरवं हाय, हितं मी हाय. दोनी बघतंय त्ये. मंग येतंय." बरंच काही न बोलता गेलं. "लागोपाठ हाक म्हंजी लांडगा. मंग इचार न्हाय. मंग फकस्त पळायचं, वाट फुटंल तिकडं."

तिनं इअरफोन काढले. गुरु पलीकडच्या टेबलावर होता. तिनं त्याला जे झालं ते क्रमानं सांगितलं, बातमी सांगतात तसं.

"तुला कोण म्हणालं होतं मेंढरांना ऑडिओ पाठव म्हणून?" तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं पुढचं गिळलं. "खड्डे मी बुजवायला सांगितले होते."

"भागातले. ही क्लिप मी केली."

"जा. उद्याच जा. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. भाग राहू दे."

ती सकाळच्या एसटीनं वेळापूरला उतरली. तिथून एका मालवाहू टेम्पोतून माळाच्या कडेपर्यंत गेली. तळावर पोचली तेव्हा जाळीपाशी एक ट्रक मागच्या बाजूनं लावलेला होता, फाळका खाली टेकवून उतरण केली होती. अमावस्येला अजून अवकाश होता. सहा मेल्यावर कुणी अमावस्येची वाट पाहिली नव्हती.

भारत समोर आला. धुळासारखाच उंच, पण घाईचा.

"आला का रेडिओ? कशाला आला आता? शूटिंग घ्यायला?"

"मायाक्कामामींना भेटायचं आहे."

"भेटा की. बसलीया तितं. आमचं काय न्हाय, आमचं सा खड्डं खणून झाल्यात."

मायाक्का दगडाला टेकून बसली होती. मांडीजवळ दोन कोकरं होती, एक तिच्या पदराचा काठ चोखत होतं. सोनाली रजा टाकून आली होती. तिनं प्रियदर्शनीला पाणी दिलं आणि बाजूला उभी राहिली.

प्रियदर्शनी खाली बसली. काय सांगायचं ते तिनं एसटीत ठरवलं होतं, त्याच शब्दांत सांगितलं. हाकांच्या मधली शांतता मी काढून टाकली. धुळामामांनी मला कारण सांगितलं होतं. ते माझ्याकडं रेकॉर्ड आहे. मी ते कापलं होतं, आणि क्लिप करताना मला आठवलं नाही.

मायाक्का कोकराच्या तोंडातून पदर सोडवत होती.

"मला न्हवतं म्हाईत," ती म्हणाली. "मी कवा चाराय गेलेच न्हाय. मला वाटलं, मोबाईलात आसंच येत आसंल." तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "पर तुला म्हाईत हुतं की गं. तुज्याच म्होरं सांगितलं त्यांनी."

"हो."

"मंग?"

सोनाली म्हणाली, "आये, जाऊ दे." मायाक्का म्हणाली, "जाऊच तर द्यायलीया. ट्रक हुबा हाय."

घेणारा धोंडप्पा सीमेपलीकडचा होता. तिकडं त्याचे तीन कळप होते, खाटकाला देत नाही असं भारतानं दोनदा सांगितलं होतं आणि मायाक्कानं दोनदा विचारलं होतं. माणूस बोलायला नरम होता. पण त्याच्याबरोबरच्या गड्यांना संध्याकाळच्या आत परत निघायचं होतं.

कोकरांना मायाक्कानं स्वतः चढवलं. ती फाळक्यावर उभी राहून जिभेनं टकटक आवाज करायची आणि कोकरं उड्या मारत वर जायची. त्यांच्या आया मागोमाग गेल्या. त्या मोजक्याच होत्या. बाकीचा कळप खाली एकमेकांत अंग घुसवून उभा होता, आणि काळी मेंढी सगळ्यांच्या पुढं, ट्रककडं तोंड करून. परवाच्या धावपळीनंतर ती कुणाला जवळ येऊ देत नव्हती. भारतानं हाक मारली. कळप दोन पावलं मागं सरला.

"वैनी, हे आसं न्हाय चढायचं."

"बरी, एत्ती हाकोण," धोंडप्पा गड्यांना म्हणाला. या, उचलून टाकू. गड्यांनी एक मेंढी मागच्या पायाला धरून ओढली, दोघांनी झोका देऊन वर फेकली. ती फळीवर आपटली आणि आत कुठंतरी ओरडत राहिली. दुसरी धरताना पाय मुरगळल्याचा आवाज आला, किंवा तसा वाटला. कळप चेपून जाळीवर गेला.

"थांबा," मायाक्का म्हणाली. "वढू नका."

"अक्का, येत न्हाईत तर काय करणार?" धोंडप्पा म्हणाला.

"थांबा म्हनलं न्हवं."

ती प्रियदर्शनीकडं वळली. "ती मूळची हाक हाय तुज्याकडं?"

"आहे."

"मधलं गप ऱ्हानं हाय त्यात? समदं?"

"सगळं. काहीच काढलेलं नाही."

"आये, नको," सोनाली म्हणाली.

"मंग वढू देऊ? तंगड्या मोडून धाडू?" मायाक्कानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "लाव गं."

प्रियदर्शनी फाळक्याच्या शेजारी उभी राहिली. सोनालीनं स्पीकर जोडून दिला. गडी बाजूला झाले. प्रियदर्शनीनं एकच हाक शोधून काढली, समजावण्याच्या तुकड्याआधीची, आणि बटण दाबलं.

ट्रर्रर्र. याऽऽ.

कळपातली प्रत्येक मान वर झाली. मग स्पीकरमधून फक्त वारा येऊ लागला. खरा वारा पडलेला होता, त्यामुळं तो वेगळा ऐकू येत होता. लांबची एक घंटा. धुळाचा श्वास; चालून आलेल्या माणसाचा, जरा जड. कचेरीत हीच जागा तिला रिकामी वाटली होती. काळी मेंढी माळाकडं बघत राहिली, बाभळी होत्या त्या बाजूला. मग तिनं ट्रककडं पाहिलं. कुणीच हललं नाही. भारतानं तोंडाला टॉवेल लावला होता.

काळी चालू लागली. घाई न करता, दुपारी सावलीला जातात तशी. फळीवर चढली, आत गेली. तिच्या मागून दुसरी, मग सगळी, एकमेकांच्या पाठीवर हनुवटी ठेवत.

स्पीकरमधून धुळा समाधानानं म्हणाला, "आली बग."

प्रियदर्शनीनं बंद केलं, पण ते बोलून झालं होतं.

गड्यांनी फाळका लावून साखळी अडकवली. आत मेंढरं ओरडत नव्हती. काळी मात्र फिरत होती. फटीतून तिचे पाय या टोकापासून त्या टोकाला जाताना दिसत होते. ट्रक निघाला तेव्हा धुळीमुळं सगळे मागं सरले. मायाक्का सरली नाही.

"उभा जल्म त्यांनी येकदा बी खोट्या जाग्याला बोलावलं न्हाय," ती म्हणाली. "पाणी आसायचं, न्हायतर सावली, न्हायतर सोता. मी बोलवाय लावलं."

बऱ्याच वेळानं सोनालीनं जाळी गुंडाळायला घेतली. भारत तिला खुंटे उपटून देऊ लागला.

निघताना मायाक्का प्रियदर्शनीबरोबर वाटेपर्यंत आली.

"तुजा कार्यक्रम लावनार हाईस?"

"तुम्ही म्हणाल तर. नाहीतर नाही."

"लाव. त्यांचं बोलनं लोकांनी ऐकावं. लई बोलायचं न्हाईत, तुज्यापाशी बोललं." ती थांबली. "पर हाक लावू नगंस. येक बी."

"नाही लावत."

"धोंडप्पाची मानसं मोबाईल ऐकत्यातच की. रानात, मेंढरांमागं. कुनी लावलं आन् काळीनं ऐकलं, तर ती निघंल. रस्ते हायती, गाड्या हायती." मायाक्कानं हातानं लांब, ट्रक गेला तिकडं दाखवलं. "आन् हितं आता कोन हाय?"

त्या आठवड्यात प्रियदर्शनीनं भाग नव्यानं बांधला. मूळ फाइलपासून सुरुवात केली. धुळा जिथं जिथं थांबला होता तिथं तिथं तिनं त्याला थांबू दिलं. गुरुनं ऐकलं, एकदा घड्याळाकडं बघितलं.

"खड्डे?"

"ठेवलेत."

त्यानं इअरफोन काढून ठेवला. शुक्रवारी भाग चढला. सोनालीनं कळवलं की खोलीवर आईसोबत बसून ऐकला. आई पूर्ण वेळ भिंतीला टेकून होती आणि संपल्यावर म्हणाली, परत लाव. बाकीच्यांचं सांगायचं तर आकडे समोर होते: पहिल्याच मोठ्या शांततेला निम्म्याहून जास्त लोक निघून गेले होते.

जे थांबले त्यांना धुळा सांगताना ऐकू येतो, की कळपाला बोलवायची प्रत्येकाची हाक वेगळी असते, आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. त्याच्या पुढच्याच वाक्याला तो पावसावर येतो. मधली हाक काढून टाकलेली आहे. जोड ऐकू येत नाही.